सहा हजार ठिपक्यांचं डाळिंब

राहाता तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये डाळिंबाची प्रतवारी करणारा प्रोग्राम बसवायला गेलो, तेव्हा मी भलताच खुशीत होतो. पट्ट्यावरून फळ पुढे सरकतं, वर कॅमेरा, बाजूला संगणक. तो रंग पाहतो, फोटोत फळाने किती ठिपके व्यापले ते मोजतो, त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो आणि फळ कुठल्या खणात टाकायचं ते सांगतो. माल बहुतेक ‘भगवा’, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेला वाण. नगरला घरी, माझ्या लॅपटॉपवर, हे सगळं लोण्यासारखं चाललं होतं. पॅकहाऊसमध्ये मात्र पहिल्याच फळाला प्रोग्राम मेला. पडद्यावर दोनच शब्द होते : इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

बाहेर भरल्या क्रेटांचे पिकअप रांगेत उभे. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी विचारलं, “काय झालं हो, इंजिनियर?”

“तुमच्या संगणकात काहीतरी बिघाड दिसतोय, आप्पा,” मी बोलून गेलो.

बिघाड माझ्या कंपायलरच्या ओळीत होता. जीसीसीला मी ‘मार्च बरोबर नेटिव्ह’ असा पर्याय दिला होता. त्याचा अर्थ, ज्या यंत्रावर बसला आहेस त्याला जे जे येतं ते सगळं वापर. माझ्या लॅपटॉपला एव्हीएक्स-२ येत होतं. इंटेलने २०१३च्या हॅसवेल प्रोसेसरपासून आणलेल्या या सूचना २५६ बिटांवर, म्हणजे रंगाच्या ३२ बाइटांवर, एका दमात काम करतात. आप्पांचा संगणक त्याआधीचा. त्याला १६ बाइटांची जुनी एसएसई-२ येत होती, पण ही नवी भाषा त्याने ऐकलेलीच नव्हती. अनोळखी सूचना आली की प्रोसेसर अंदाजाने काही करत नाही, तिथेच थांबतो. मी माझ्या पायाचं माप घेऊन गावभर चपला वाटल्या होत्या.

त्या रात्री घाईघाईने दोन फाइली बनवल्या, ‘जलद’ आणि ‘साधी’. सोबत एक नियम : २०१३नंतरचा इंटेल असेल तर जलद, बाकी सगळ्यांना साधी. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो. ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा वाईट, कारण या वेळी मी विचार करून चुकलो होतो.

दुसरी लाइन सुरू करताना आप्पांनी कोरा संगणक घेतला. पेंटियम गोल्ड जी-५४००, २०१८चा प्रोसेसर. इंटेल, तोही नवा, म्हणून नियमाप्रमाणे जलद फाइल टाकली आणि पुन्हा तेच दोन शब्द दिसले. स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये इंटेलने त्या काळात एव्हीएक्स ठेवलंच नव्हतं. उलट आप्पांच्या ऑफिसातल्या एएमडी रायझनला एव्हीएक्स-२ उत्तम येत होतं, पण तो इंटेल नाही म्हणून माझ्या नियमाने त्याला साध्या फाइलीवर बसवलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली इंटेलवर जी तक्रार दाखल केली, तिच्यात इंटेलच्या कंपायलरमुळे प्रतिस्पर्ध्यांच्या चिपवर प्रोग्राम संथ चालतात, हाही एक मुद्दा होता. मी तेच फुकटात करून बसलो होतो. माणसाला काय येतं हे न विचारता आडनावावरून काम वाटायचं, त्यातलाच हा प्रकार.

मग जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. जीसीसीत ‘टार्गेट क्लोन्स’ नावाची सोय आहे. फंक्शनच्या डोक्यावर यादी लिहायची : एक साधं रूप आणि एक ‘व्ही-३’ दर्जाचं, ज्यात एव्हीएक्स-२ आणि एफएमए या दोन्ही प्रकारच्या सूचना येतात. कंपायलर एकाच फाइलीत दोन्ही रूपं ठेवतो आणि निवड करणारा एक छोटा तुकडा जोडतो. लिनक्सवर प्रोग्राम सुरू होताना हा तुकडा सीपीयूआयडी सूचनेने प्रोसेसरलाच विचारतो, तुला काय काय येतं? ऑपरेटिंग सिस्टीम एव्हीएक्सचे रुंद रजिस्टर सांभाळते का, हेही बघतो. मग योग्य रूपाचा पत्ता जागेवर बसतो आणि पुढची प्रत्येक हाक त्याच पत्त्यावर जाते. बैलांची ताकद बघून औत जुंपावं, तसं.

इथेही आधी हात पोळले. ही सोय मी एकेका ठिपक्यावर चालणाऱ्या इवल्याशा फंक्शनला लावली. अशा फंक्शनचं अंग कंपायलरला मोठ्या लूपमध्ये विरघळवता येत नाही, त्यामुळे दर ठिपक्याला वेगळी हाक जाऊ लागली आणि जलद रूप साध्याहून हळू झालं. निवड वर, अख्ख्या फोटोवर चालणाऱ्या फंक्शनपाशी नेली, तेव्हा वेग आला.

आता सुटलो असं वाटलं, तोच एक शेतकरी हातात दोन कागद घेऊन आला. लाइनवरच्या पेंटियमने छापलेली चिठ्ठी आणि ऑफिसातल्या रायझनने रात्री त्याच फोटोंवरून काढलेलं बिल. २५० ग्रॅमच्या वरच्या प्रतीत बिलावर चार फळं जास्त होती.

“फायदा तुमचाच झाला की, दादा,” मी म्हटलं.

“आज चार वाढली,” तो म्हणाला, “उद्या चार कमी होतील. डाळिंब तेच, फोटो तोच. मग आकडा कसा बदलला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला दोन रात्री लागल्या. वजनाचं सूत्र साधं होतं : ठिपके गुणिले ०.०५, वजा ५०. संगणकात ०.०५ नेमकं मावत नाही, केसभर जास्तीचं साठतं. साधं रूप आधी गुणाकार करून पूर्णांकन करतं, मग वजाबाकी. ६,००० ठिपक्यांना उत्तर बरोबर २५० येतं आणि फळ खालच्या प्रतीत पडतं. एफएमए गुणाकार आणि वजाबाकी एकत्र करून शेवटी एकदाच पूर्णांकन करतं. ते केसभर जास्तीचं त्यात टिकून राहतं, उत्तर २५०च्या किंचित वर जातं आणि फळाला बढती मिळते. जीसीसी ही जोडणी न सांगता करतो. ती बंद करता येते, हे मला ठाऊकच नव्हतं.

जोडणी बंद केली. शिवाय प्रत ठरवताना दशांश काढून टाकले आणि सरळ ठिपक्यांचीच तुलना ठेवली. पण मुळातली चूक वेगळीच होती. माझ्या लॅपटॉपवर निवड नेहमी जलद रूपाचीच व्हायची, त्यामुळे साधं रूप मी एकदाही चालवून पाहिलं नव्हतं. आप्पांच्या लाइनवर मात्र रोज तेच चालत होतं. जे लोकांच्या वाट्याला येणार, ते मी चाखलंच नव्हतं.

आता एक जुना पेंटियम माझ्या टेबलावर असतो. नवी आवृत्ती आधी त्याच्यावर चालते, मग लॅपटॉपवर, आणि दोन्हीकडची यादी फळागणिक जुळली तरच पुढे जाते.

परवा आप्पांना सांगून टाकलं, की पहिल्या दिवशी बिघाड तुमच्या संगणकात नव्हता.

“ते तेव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले, “बाकीचं सगळं चालतच होतं की त्याच्यावर.”