आवडता खेळ की व्यसन?

नोकियावरचा 'स्नेक' (१९९७) माझा जुना आवडता गेम. आजही कंटाळा येत नाही. साप लांबतो तसा डाव अवघड होतो, पण आपला हातही बसत जातो. १९८४ च्या 'टेट्रिस'चंही तसंच. जमेल की नाही, अशा बेतावर मेंदूला गोडी लागते. शिवाय चुकलं की डाव संपतो आणि आपण उठतो.

जळगाव-धुळ्याकडचे पालक विचारतात, "डॉक्टर, पोरगं मोबाईल सोडत नाही, व्यसन असेल का?" तासांपेक्षा त्याला थांबता येतं का, ते पाहा. खेळावर ताबा नसणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, हे साधारण १२ महिने चाललं तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. मात्र झोप, जेवण, अभ्यास बिघडला असेल तर वर्षभर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.