बॅटरीखालचा गंज

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. पण गाडीत बॅटरीखालचा पत्रा खातं ते बहुतेक वेळा बॅटरीतून झिरपणारं सल्फ्युरिक आम्ल. आमच्या जुन्या गाडीतून अब्बांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ती वाटेत बंद पडून चालणार नाही. म्हणून पावसाळ्याआधी हे काम मी स्वतः करतो.

हातमोजे आणि चष्मा घालून आधी निगेटिव्ह वायर सोडवायची, मग पॉझिटिव्ह. बॅटरी आडवी न करता उचलायची. पाण्यात खायचा सोडा कालवून पत्र्यावर ओतला की फेस येतो. फेस येतोय म्हणजे आम्ल अजून शिल्लक आहे. तो थांबेपर्यंत ओतत राहायचं. मग धुऊन, सुकवून, तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा. त्यावर रेड ऑक्साइड, ते वाळल्यावर रंग. बॅटरी घट्ट बसवून आधी पॉझिटिव्ह जोडायची, मग निगेटिव्ह आणि टर्मिनलना व्हॅसलिन लावायचं.

उर्दूत लढाई म्हणजे ‘जंग’ आणि गंज म्हणजे ‘ज़ंग’. देवनागरीत फरक एका नुक्त्याचा. मुलं तो विसरतात, मी दरवर्षी पुन्हा शिकवतो. गंजाचंही तसंच, दरवर्षी पाहावं लागतं. गंजावरच रंग मारला तर गाडी चकचकीत दिसते, पण खाली पत्रा झिजतच राहतो.

अब्बा ओट्यावर बसून एवढंच विचारतात, “फेस थांबला काय रे?” थांबल्याशिवाय मी ब्रश हातात घेत नाही.