परतवारी

मामांची काळी पत्र्याची पेटी अजून माजघरात आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगानं त्यांचं नाव आणि पलटणीतला नंबर लिहिलेला आहे. 1968 साली ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, तेव्हा आमचा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीत होतो. मामा गेल्यावर मामींनी पेटी उघडली. आत पदकं, हरिपाठाची पोथी, तिनं पाठवलेली आंतरदेशीय पत्रं आणि फडक्यात बांधलेली हळकुंडं निघाली. मामा दर सुट्टीहून परत जाताना मामी शेतातली दोन हळकुंडं पेटीत टाकायची. ती त्यांनी कधी वापरली नव्हती, जपून ठेवली होती.

गावात त्यांना सगळे फौजी म्हणायचे. आमच्या गावाहून नर्सी चालत तासाभरावर. संत नामदेवांचं जन्मगाव, कयाधूच्या काठावरचं. लहानपणापासून आजोबांच्या खांद्यावर बसून मामांनी तिथली एकादशी केलेली. पण नामदेव आपल्याला खऱ्या अर्थानं भेटले ते पंजाबात, असं ते सांगायचे.

1971 ची लढाई संपली, तेव्हा त्यांची तुकडी गुरदासपूरच्या बाजूला होती. थंडी अशी, की बुटातली बोटं लागायची नाहीत. एका संध्याकाळी ते एका गावातल्या गुरुद्वाऱ्यात गेले. आत पाठ चालू होता. भाषा कळत नव्हती, पण मधेच ‘नामदेव’ कानावर आलं, आणि थोड्या वेळानं ‘बीठल’. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि तिथून जवळच घुमान गावात नामदेव कित्येक वर्षं राहिले होते, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. लंगरात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सरदारजींना त्यांनी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, ‘मी नामदेवांच्या गावाकडचा.’ त्या माणसानं हातातली रोटी खाली ठेवली आणि मामांचे दोन्ही हात कपाळाला लावले. हे सांगताना मामा दर वेळी गप्प व्हायचे. शेवटपर्यंत.

1972 च्या दुष्काळात ते सीमेवर आणि मामी खडी फोडायला. मनिऑर्डर यायची ती सासू-सासरे, दोन दीर आणि जनावरांत संपायची. सतरा वर्षं संसार मामींनीच ओढला, शेत तिनंच राखलं. मामा 1985 साली पेन्शनवर आले ते हे पुरतं ओळखून. हळद शिजवायच्या दिवसांत भट्टीपुढं रात्र रात्र तेच बसायचे, तिला उठू द्यायचे नाहीत. ‘तुझी पाळी झाली, आता माझी,’ एवढंच म्हणायचे.

आषाढीला पंढरपूर केलं, की आमच्याकडची माणसं वद्य एकादशीला नर्सीला येतात. तिला परतवारी म्हणतात. दर्शनाची रांग गावाबाहेर जाते, पावसानं काळ्या मातीचा नुसता रबडा होतो. पेन्शनवर आल्यानंतरच्या पहिल्या परतवारीपासून मामा तिथं उभे. म्हाताऱ्यांना रांगेत पाणी द्यायचं, चुकलेली पोरं खांद्यावर घेऊन आई शोधायची, चिखलात रुतलेल्या चपला काढून जोड लावून ठेवायच्या. एका वर्षी कुणीतरी त्यांना हार घालायला आलं. ‘मला कशाला? मी ड्युटीवर हाय,’ म्हणत त्यांनी हार नामदेवांपुढं पाठवला. पंजाबातून जथे यायचे, तेव्हा दुभाषी तेच. पलटणीत शिकलेली पंजाबी त्यांच्या तोंडी अस्सल मराठवाडी हेलात यायची, पण समोरच्याला कळायची, आणि मग त्या सरदार बायका मामींकडून भाकरी थापायला शिकत बसायच्या. 2015 साली घुमानला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा गुडघ्यांमुळं जाता आलं नाही. त्या दिवसांतली वर्तमानपत्रं त्यांनी कात्रीनं कापून पोथीत ठेवली.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम नोव्हेंबरातलं वाटतं. त्याला हार नव्हता, गर्दीही नव्हती. आसपासच्या गावांतल्या सैनिकांच्या म्हाताऱ्या विधवांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. मामा त्यांना ऑटोत घालून तालुक्याला न्यायचे. पुढं अंगठा मशीनवर ठेवायची पद्धत आली आणि वेगळीच अडचण झाली. जन्मभर निंदणी-खुरपणी, हळद काढणी करून या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. मशीन त्यांना ओळखायचंच नाही. एकदा एक आजी घाबरून म्हणाल्या, ‘फौजी, म्या जित्ती नाय का काय?’ मामांनी खिशातून ओलं फडकं काढलं, त्यांचा अंगठा हळूहळू पुसला, स्वतःच्या तळव्यात धरून ऊब दिली आणि पुन्हा ठेवायला लावला. लागेपर्यंत ते तसंच करत राहिले. ओळीत अकरा बाया होत्या. अकराहींचे दाखले झाल्यावर मग त्यांनी चहा घेतला.

गेल्या मार्गशीर्षात मामा गेले. अंत्ययात्रेत भरतीसाठी पळणारी पोरं पुढं होती. पहाटे चारला उठवून सोळाशे मीटर पळवायचे मामा त्यांना, हातात घड्याळ धरून. त्यातली दोघं आज फौजेत आहेत. ज्याला रजा मिळाली तो आला आणि सरणापुढं ताठ उभा राहून त्यानं सॅल्यूट केला. यंदाच्या परतवारीला चपलांच्या जागी तीच पोरं उभी होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

या नोव्हेंबरात मामींचा पहिला दाखला होता. आता पेन्शन तिच्या नावावर आहे. मी तिला ऑटोत घालून नेलं. अंगठा ठेवला, नाही लागला. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. मामी माझ्याकडं बघायला लागली. मग मी रुमाल ओला करून आणला, तिचा अंगठा पुसला आणि दोन्ही तळव्यांत धरून बसलो. तिच्या नखांत हळदीचा पिवळा रंग होता, कधीच न गेलेला. चौथ्यांदा मशीननं तिला ओळखलं.