दगड विरघळवण्याची गोष्ट

खताच्या गोणीवर आकडे छापलेले असतात. सुपर फॉस्फेटवर 16, डीएपीवर 18 आणि 46. या आकड्यांमागे दगड आणि ॲसिडचं साधं भांडण आहे.

फॉस्फेटच्या खडकात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियमने तो असा धरून ठेवलेला की पाण्यात विरघळतच नाही. आमच्या भाषेत, डेटा आहे पण रीड परमिशन नाही! 1842 साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी यावर पेटंट घेतलं: सल्फ्युरिक ॲसिड ओता. ॲसिड बरंचसं कॅल्शियम ओढून घेतं, त्याचं जिप्सम होतं आणि फॉस्फेट मोकळं होतं. दोन्ही एकत्र गोणीत भरलं की झालं आपलं 'सुपर'. म्हणून त्यात फॉस्फेट 16 टक्केच. पण जिप्सममधलं गंधक भुईमूग-सोयाबीनला मानवतं.

ॲसिड वाढवलं की फॉस्फोरिक ॲसिड मिळतं, जिप्सम गाळून बाजूला. त्यात अमोनिया घातला की डीएपी, फॉस्फेट 46 टक्के. गोणी दमदार झाली खरी, पण एक टन फॉस्फेटमागे साधारण 5 टन जिप्सम कारखान्याच्या आवारात उरलं. त्याचे अक्षरशः डोंगर होतात.

आमचे काका शेती करतात. त्यांनी मला सरळ विचारलं, "मग दगडच दळून टाकला रानात तर? गोणीचे पैसे तरी वाचतील."

प्रश्न बिनतोड आहे. ॲसिड कारखान्यातच हवं असं कुठाय? कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत दळलेला खडक हळूहळू विरघळतो. पण काकांचं रान काळं, चुनखडीचं. तिथे दगड दगडच राहणार. वर विकतचं फॉस्फेटही तिथला चुना पुन्हा पकडून ठेवतो. म्हणून ते फेकून द्यायचं नाही, पेरताना बियाण्याजवळ द्यायचं, आणि आधी माती तपासून घ्यायची. गोणीचे पैसे वाचलेच तर इथे वाचतात.

मला मात्र वेगळीच चुटपुट लागलीय. नायट्रोजन हवेतून काढता येतो. फॉस्फरस खाणीतूनच येतो आणि त्याला पर्याय नाही. आपल्या देशात हा खडक थोडाच, बराचसा बाहेरून आणावा लागतो. एवढा उपद्व्याप करून विरघळवलेला तो दगड पोळीतून आपल्या पोटात येतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याच्यावर फ्लश ओढतो.