जुने यंत्र, जुने दप्तर

माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरवून त्यावर मोडी कागदपत्रांविषयीचे माझे संकेतस्थळ पुनश्च उभे करण्याचा जो उद्योग मी सध्या आरंभिला आहे, तो घरच्या मंडळींच्या मते निव्वळ रिकामपणाचा आहे. आणि हा आक्षेप मला सर्वस्वी अमान्य आहे, असेही नाही. यंत्र ३२-बिट घराण्यातले. ‘डेबियन’ या संगणक-कार्यप्रणालीने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून असल्या यंत्रांची सोय बंद केल्याने बारावीवरच गुजराण करणे प्राप्त आहे. चार पाने वाचकापुढे ठेवण्यास तेवढे पुरते.

खरे संकट अक्षरांचे निघाले. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या फाँटांत मराठी लिहिण्याची त्या काळी वहिवाट होती; सबब तो फाँट नाहीसा होताच माझे सारे देशमुख-कुलकर्णी अर्थशून्य रोमन गर्दीत लुप्त झाले. वस्तुतः युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक संकेतप्रणालीमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. पण सनद मिळणे आणि अंमल बसणे यांत मुलूखगिरीत जे अंतर पडे, तेच येथेही पडले. मोडीची नोंद तर २०१४ साली झाली. तोवर ती लिपी चित्ररूपानेच दाखवावी लागे. आता रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी सर्वाधिक छळते, कारण जुन्या फाँटांत ती व्यंजनाआधी टंकिली जाई, आणि युनिकोडात ती व्यंजनानंतर साठविली जाते.

ज्यांच्यापाशी असा जुना मजकूर पडून असेल, त्यांनी त्यासोबत मूळ फाँटाची फाइलही अवश्य जपावी. तिच्यावाचून कोणते चिन्ह कोणत्या अक्षराचे, याचा निवाडा करणे फार जड जाते.