मोठा एक्सल टाकला, म्हणजे गाडी मोठी झाली का?



सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण आलं की आपण कोणती उदाहरणं देतो? दोन पेन वीस रुपयांना, तर पाच पेन कितीला? मुलं उत्तर काढतात, पण गुणोत्तर कशाशी खातात हे कळतंच असं नाही. या वेळी मी हा घटक पिकअप गाडीच्या मागच्या एक्सलवर घेतला. तो कसा घेतला आणि त्यातून काय निघालं, ते तुम्हाला सांगते.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यात आहे. इथे पिकअप म्हणजे घरातला कमावता माणूसच. लासलगावला कांदा, वाशीला टोमॅटो, सगळं तिच्याच जिवावर. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांच्या गाडीचं मागचं बेअरिंग दोनदा गेलं होतं. ते मला म्हणाले, "मॅडम, जुन्या बाजारात मोठ्या गाडीचा एक्सल बघून ठेवलाय. एकदा तो टाकला की पाच-दहा गोण्या जास्त भरता येतील. हप्ता तरी सुटेल." मी म्हटलं, "भाऊ, एक्सल काढायच्या आधी एक दिवस आमच्या वर्गाला गाडी बघू द्या." ते हसले, पण सोबत मेकॅनिकलाही घेऊन आले.

गाडी सपाट जागेवर उभी केली. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. मागचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड दिला आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे तो सोडावा लागतो. म्हणून दगड महत्त्वाचे! मुलांना लांब रेघेमागे उभं केलं. गाडीखाली कोणीही गेलं नाही. चाकावर आणि इंजिनाकडून मागे येणाऱ्या लांब शाफ्टवर खडूने एकेक खूण केली. मेकॅनिकने चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवलं आणि मुलांनी शाफ्टचे फेरे मोजले. पाच आणि वर थोडंसं.

दोन फेरे का, असं मुलं विचारतातच. एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या चाकाला देतं, म्हणून ते दुप्पट फिरतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरतं, तेही याच युक्तीने.

मग मेकॅनिकने सांगितलं, आत लहान दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला, 8 दाते आहेत आणि मोठ्या क्राऊनला 41. मुलांनी भागाकार केला : 41 ÷ 8 = 5.125. "बाई, पाच आणि थोडंसं!" असा जो गलका झाला, तो पेनाच्या उदाहरणाला कधी झाला नव्हता. पुढे मी फळ्यावर दुसरं गुणोत्तर दिलं, 37 आणि 9. उत्तर साधारण 4.11. समजा, मोठ्या एक्सलचं गुणोत्तर असं निघालं, तर? इंजिन तेच आहे आणि चाकाच्या एका फेऱ्यामागे ते कमी वेळा फिरणार. म्हणजे ओढ कमी. एक्सल दणकट, पण चढावर गाडी उलट दमणार. हे ऐकून भाऊही जरा थांबले.

एक्सल खरंच दणकट असतो का? असतो. लहान गाड्यांमध्ये बहुतेक वेळा आतला दांडा चाक फिरवतो आणि वजनही पेलतो. मोठ्या गाड्यांत वजन बाहेरच्या नळीवर, म्हणजे हाउसिंगवर येतं आणि दांडा फक्त फिरवायचं काम करतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. हा फायदा खराच आहे.

पण मेकॅनिकने पुढची यादी वाचली. पाट्यांची बैठक जुळली पाहिजे. यू-बोल्ट वेगळे, शाफ्टची लांबी वेगळी, चाकाची भोकं वेगळी, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबलही वेगळी. तेवढ्यात भाऊंच्या मुलीनेच विचारलं, "मग पुढचे ब्रेक पण मोठे होतात का?"

नाही होत. पुढचे ब्रेक तेच, चॅसिस तीच, पुढचे टायर आणि स्टेअरिंगही तेच. मागचे ब्रेक मोठे आले तरी पुढच्या-मागच्या ब्रेकचा कारखान्यात बसवलेला मेळ बिघडतो. जास्त माल घेऊन कसारा घाट उतरताना गाडी थांबवायची असते ब्रेकने, एक्सलने नव्हे. गाडी तिच्या सगळ्यात मजबूत भागाइतकी नाही, सगळ्यात कमजोर भागाइतकीच मजबूत असते. हे वाक्य मुलांनी स्वतःहून वहीत लिहून घेतलं.

शेवटी आरसी बुक काढलं. वर्गातल्या गणितासाठी सोपे आकडे घेतले : भरलेल्या गाडीचं मंजूर वजन 3,000 किलो, रिकामी गाडी 1,700. उरले 1,300. म्हणजे 50 किलोच्या 26 गोण्या. पण ड्रायव्हर आणि हमाल यांचे 130 किलो त्यातूनच जाणार. उरले 1,170, म्हणजे 23 गोण्या. एक्सल कोणताही टाका, हा आकडा बदलत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरणारा बदल परस्पर करता येत नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. दहा गोण्यांचं जादा भाडं आणि हा दंड मुलांनी शेजारी शेजारी मांडून पाहिले.

भाऊंनी तो एक्सल घेतला नाही. त्याच मापाचं चांगलं बेअरिंग आणि ऑइल सील बसवलं. पण यात त्यांचं नुकसान नाही असं मी म्हणणार नाही. कांद्याच्या हंगामात खेपा वाढतात, डिझेल वाढतं, झोप कमी होते. भावातली घसरण आणि गाडीचा हप्ता यांच्यात सापडलेल्या माणसाला "ओव्हरलोड करू नका" एवढंच सांगणं सोपं असतं. ते म्हणाले, "मॅडम, त्याच गाडीच्या केबिनमध्ये माझी पोरगी बसते. तिनेच विचारलं ना, मग ऐकावं लागतं." सध्या ते शेजाऱ्याबरोबर माल वाटून नेतात.

शिक्षकमित्रांनो, हा पाठ घ्यायचा असेल तर जाणकार मेकॅनिक सोबत असल्याशिवाय गाडी उचलू नका. ते जमत नसेल तर सायकल उलटी करा आणि पुढच्या-मागच्या चकतीचे दाते मोजा, गुणोत्तर तिथेही सापडतं. आणि पालकहो, तुमचं गॅरेज, तुमची मोटर, तुमचा काटा यांत आमच्या पुस्तकातलं बरंच गणित आहे. एखाद्या दिवशी शाळेत या, मुलांना प्रश्न विचारू द्या. त्यांचे प्रश्न कधीकधी आपल्याला चुकवता येत नाहीत, आणि ते बरंच असतं.