छापलेलं नाही, म्हणून पुस्तक नाही

‘शिक्का कुठं मारू?’ असं मला एका ग्रंथपालांनी विचारलं. त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. राग त्या माणसावर होता की त्याच्यामागे उभ्या असलेल्या नियमांवर, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मी नांदेडमधून पुस्तकं काढतो. कविता, कथा, आठवणी. लेखक लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर, औसा अशा गावांतले. लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, एवढा एक नियम पहिल्यापासून पाळला. आमच्या भागात प्रकाशनं तशी कमी नाहीत. बढतीच्या गुणांसाठी प्राध्यापकांना आयएसबीएन असलेलं पुस्तक लागायला लागलं, तेव्हापासून तर ती भराभर निघाली. दुकानांचं मात्र वेगळं आहे. लातूरला गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत फिरा, नीटची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ढिगानं मिळतील. कवितासंग्रह ठेवा म्हटलं की दुकानदार जागा नाही म्हणतो, आणि ठेवलाच तर चाळीस टक्के कमिशन. म्हणून आमची खरी भिस्त टपालावर होती.

ते टपालही गेलं. १८ डिसेंबर २०२४ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केलं. पूर्वसूचना नाही, चर्चा नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. गठ्ठा घेऊन पोस्टात गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, आता पार्सलनेच पाठवावं लागेल. दर दुपटीहून जास्त. शंभर-सव्वाशे रुपयांच्या पुस्तकाला एवढा टपालखर्च कोणता वाचक देईल? पुढे १ मे २०२५ ला ‘ज्ञान पोस्ट’ आलं, तीनशे ग्रॅमला वीस आणि पाच किलोला शंभर रुपये असा दर झाला, थोडा श्वास मिळाला. पण मधल्या चार-साडेचार महिन्यांत छोट्या प्रकाशकांनी काय करायचं होतं, हे कुणी सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात औसा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं हस्तलिखित माझ्याकडे आलं. हस्तलिखित म्हणायचं एवढंच, कारण त्यात हाताने लिहिलेलं काहीच नव्हतं. गुरुजी मोबाईलला सांगत गेले आणि त्यांची नात चुका दुरुस्त करत गेली. विषय १९९३ चा भूकंप. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशीचं गणेश विसर्जन, किल्लारी आणि परिसर, हे सगळं महाराष्ट्राला माहीत आहे. गुरुजींनी त्यानंतरचं लिहिलं होतं: पत्र्याच्या शेडमध्ये भरलेली शाळा, हजेरीपटावरची नावं वाचताना येणारे थांबे, पुनर्वसित गावात जुन्या गल्ल्यांचे शेजार तुटले ते. पुस्तकाच्या शेवटी त्यांच्या गावातल्या गेलेल्या माणसांची यादी, घरागणिक.

छापायचं कधी, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, “छापू नका सर. माझी पोरं पुण्यात, चाकणला, भोसरीला. त्यांच्या खिशात मोबाईल हाय, घरात कपाट न्हाई.” भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती. त्यांतली काही गुरुजींच्या वर्गातली. मला त्यांचं म्हणणं पटलं. किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठी आली, बुकगंगा त्याच्या आधीपासून मराठी ई-पुस्तकं विकत होतं. मजकूर मुळातच युनिकोडमध्ये होता. कागद नको, गोडाऊन नको, दुकानदार नको. गुरुजींना मोतीबिंदूचा त्रास, त्यांना अक्षर मोठं करून स्वतःचं पुस्तक वाचता येणार होतं. आम्ही फक्त ई-पुस्तक काढलं आणि ते विकलं गेलं. कंपनीच्या बसमध्ये वाचतोय असे निरोप चाकणहून आले. एवढ्या लांबच्या वाचकापर्यंत आमचं पुस्तक इतक्या लवकर कधीच पोचलं नव्हतं.

मग मी लातूर जिल्ह्यातल्या त्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. खरेदी करा असंही म्हणत नव्हतो. संगणकावर एक प्रत फुकट ठेवा, एवढीच विनंती होती. ग्रंथपाल सज्जन. चहा मागवला, थोडं वाचूनही पाहिलं. मग म्हणाले, “सर, लिहिलंय चांगलंच. पण दाखल नोंदवहीत काय लिहू? शिक्का कुठं मारू? उद्या तपासणीला साहेब आले आणि पुस्तक दाखवा म्हणले, तर मोबाईल दाखवू का?”

मी वाद घातला. आयएसबीएन दाखवला; ई-पुस्तकाला तो स्वतंत्र मिळतो आणि केंद्र सरकारची यंत्रणाच तो देते. ते म्हणाले, नंबर हाय, पर पुस्तक कुठंय? त्यांचंही खोटं नव्हतं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. ग्रंथालयाचा अ, ब, क, ड वर्ग आणि त्यावर ठरणारं अनुदान यासाठी कपाटातली पुस्तकं मोजली जातात. जे मोजता येत नाही ते त्यांच्या दृष्टीने ग्रंथालयात नाहीच. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या त्या माणसाने माझ्यासाठी तपासणीत अडचण का ओढवून घ्यावी? हे सगळं मला कळत होतं, तरी परत येताना चाकूरपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. ज्या जिल्ह्यात ती माणसं मेली, त्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात त्यांच्या यादीला जागा नाही, हे मला फार लागलं.

नंतर मी खोलात गेलो आणि जिकडे तिकडे तेच दिसलं. एका पुरस्कारासाठी पुस्तक पाठवायचं ठरवलं, तर छापील प्रतीच हव्यात. प्रकाशकांनी राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत द्यायची, हा कायदा १९५४ चा. तो छापील पुस्तकांचा विचार करून केलेला. म्हणजे गुरुजींचं पुस्तक देशाच्या संग्रहात जाण्याचीही वाट नाही. आणि कर? छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर २०१७ मध्ये १८ टक्के लागला. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्के केला, पण फक्त छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकासाठी. जे कागदावर आलंच नाही त्याला १८ टक्के. सीएंनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं. अक्षरं तीच, लेखक तोच, वाचकही तोच. कागद नसल्याचा भुर्दंड कशासाठी? ज्याच्याकडे छपाईचे पैसे नाहीत तोच लेखक फक्त ई-पुस्तक काढतो, आणि जादा कर त्याच्याच पुस्तकावर. हा सरळ अन्याय आहे आणि त्यावर आपल्या साहित्यसंस्थांनी आवाज उठवायला हवा. संमेलनांत ठराव होतात, त्यात हा एक तरी असावा.

शेवटी आम्ही शंभर प्रती छापल्या, डिजिटल मशीनवर. एवढ्या कमी प्रतींना दर प्रतीमागे खर्च जास्त येतो, तो सोसला. ई-पुस्तकाला पुस्तक म्हणून मान्यता मिळावी म्हणून छापल्या, दुसरा हेतू नव्हता.

३० सप्टेंबर २०२५ ला गुरुजींच्या गावात गठ्ठा घेऊन गेलो. श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपल्यावर एका ओसरीत पुस्तकं ठेवली. बायका आल्या, प्रती उचलल्या आणि थेट शेवटच्या पानांकडे गेल्या. एका मावशींनी आपल्या आईच्या नावावर बोट ठेवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, “बघ, छापलंय.” पुस्तक महिनोन्‌महिने मोबाईलवर होतं, ते त्या गावातल्या पोरांनी वाचलंही होतं. पण आईचं नाव त्यांना त्या दिवशी मिळालं. कागदाची गरज नाही असं मी सगळ्यांना ठासून सांगत आलो होतो. त्या ओसरीत ते म्हणायला तोंड उघडलं नाही. तिथे नेलेली एकही प्रत परत आणावी लागली नाही.

पुढे कुणीतरी त्या प्रतीची पानं स्कॅन करून पीडीएफ केली आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरायला लागली. मी चिडलो. गुरुजींना आनंद झाला. म्हणाले, पोचलं ना सर, मग झालं. मला ते पटलेलं नाही. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’सारखी संस्था मराठी पुस्तकं वाचकांना विनामूल्य देते ती लेखकाच्या संमतीने, त्यात आणि या चोरीत फरक आहे. फुकट फिरणाऱ्या पीडीएफवर पुढचं पुस्तक उभं राहत नाही. आणि तरी त्यातलीच एक प्रत, ज्या मुलीचा आम्हाला पत्ताही नव्हता तिच्यापर्यंत नाशिकला पोचली आणि तिने गुरुजींना फोन केला, हेही खरं आहे.

आता माझ्या जुन्या पुस्तकांची ई-पुस्तकं करायचं काम काढलंय. ती सगळी श्रीलिपीत, पेजमेकरमध्ये लावलेली. फाईल युनिकोडमध्ये बदलली की रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षरं फुटतात, आणि ओळन्‌ओळ पुन्हा तपासावी लागते. काही पुस्तकांच्या फाईली तर डीटीपीवाल्याच्या जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेल्या. मराठवाड्यातल्या किती छोट्या पुस्तकांचं असं झालं असेल, ती आता कुणालाही मिळणार नाहीत. म्हणून लेखकांना एकच विनंती: तुमचं पुस्तक कुणीही छापलेलं असो, मूळ फाईल या आठवड्यात मागून घ्या आणि युनिकोडमध्ये करून दोन ठिकाणी ठेवा.